मांडवात माणूस विरुद्ध संगणक: घड्याळ कुणाला किती, आणि रेटिंगचं काय?

प्रश्न नारायण पेठेतल्या एका गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याचा आहे. यंदा मांडवात 'माणूस विरुद्ध संगणक' असा बुद्धिबळाचा सामना ठेवायचाय. माणसाच्या बाजूने मंडळाचे खजिनदार काका, फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, १८७४. समोर एका कार्यकर्त्याचा लॅपटॉप आणि त्यात स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. तीन संध्याकाळी मिळून सहा डाव. विचारलंय असं: दोघांना वेळ किती द्यायची? इंजिनाचं रेटिंग ३६०० सांगतात, मग काकांनी एक डाव जरी बरोबरीत सोडवला तरी त्यांचे किती गुण वाढतील? आणि पंचाने आधी काय काय लिहून ठेवावं?

दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात: शून्य. वाढणार नाहीत, आणि सहाच्या सहा डाव हरले तरी कमी होणार नाहीत. पहिल्याचं उत्तर: दोघांना सारखी वेळ मुळीच देऊ नका. तिसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण तिथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्याच एका कॉलेजच्या फेस्टमध्ये असाच सामना होता आणि पंच मी होतो. प्रत्येकी पाच मिनिटं, इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारी जादा वेळ) नाही. संगणकाला हात नसतात, तेव्हा स्क्रीनवरची चाल पटावर खेळायला एक मुलगा बसवला होता. समोरच्याची चाल कीबोर्डवरून भरायची, उत्तर बघायचं, मोहरा हलवायचा, घड्याळ दाबायचं. मुलगा चपळ होता, तरी दर चालीला चार-पाच सेकंद जातच होते. आता गंमत बघा. स्क्रीनवरच्या घड्याळाला या मुलाचा पत्ताच नाही. त्याच्या लेखी चाल दाखवली की मशीनचं काम संपलं. टेबलावरचं घड्याळ मात्र मुलाने बटण दाबेपर्यंत मशीनच्याच खात्यात पळतंय. तिसाव्या चालीच्या आसपास मशीन एका हत्तीने पुढे, स्क्रीनवर दोन मिनिटांहून जास्त वेळ शिल्लक, आणि टेबलावर शून्य. फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपली. माणसाकडे मात करण्यापुरते मोहरे होते, त्यामुळे नियमाप्रमाणे डाव त्याचा. मी तसा निकाल दिला आणि पुढचा पाऊण तास आठ-दहा पोरांशी हुज्जत घातली. चूक त्यांची नव्हती. कुठलं घड्याळ अधिकृत, हे मी डावाआधी लिहूनच ठेवलं नव्हतं.

म्हणून पहिला नियम कागदावर: टेबलावरचं घड्याळ खरं, स्क्रीनवरचं शोभेचं. मग इंजिनाला त्या घड्याळाशी जुळवून घ्यायला लावा. स्टॉकफिशमध्ये 'मूव्ह ओव्हरहेड' नावाची सोय आहे. चाल पोचवण्यात किती वेळ वाया जाणार हे तिथे सांगायचं. मुळात तिथे असतात १० मिलीसेकंद. म्हणजे गृहीत असं की पलीकडे दुसरा संगणकच आहे. तुमच्या कार्यकर्त्याचा हात १० मिलीसेकंदांत घोडा उचलू शकत नाही. तो आकडा चार-पाच हजारांवर न्या. त्याहून सोपं म्हणजे मशीनला घड्याळाच्या हिशेबातूनच बाहेर काढा: दर चालीला एक सेकंद, डाव कितीही लांबो. आणि खरोखर काटेकोर राहायचं असेल तर सेकंदही नको, दर चालीला किती स्थिती तपासायच्या तो आकडाच बांधून द्या. मांडवातल्या उकाड्यात लॅपटॉप तापला की मंदावतो, चार्जर निघाला तरी मंदावतो. स्थितींचा आकडा बांधलेला असला की पहिल्या दिवसाचं मशीन आणि तिसऱ्या दिवसाचं मशीन एकाच ताकदीचं राहतं.

आता सारखी वेळ का नको, ते.

माणूस आणि संगणक यांच्यातल्या सामन्यांचा इतिहास म्हणजे निम्मा घड्याळाचाच इतिहास आहे. १९७८ साली डेव्हिड लेव्ही या स्कॉटिश मास्टरने दहा वर्षांपूर्वी लावलेली पैज जिंकली. चेस ४.७ या प्रोग्रॅमला त्याने टोरांटोत साडेतीन-दीड असं हरवलं. पण त्याच्या एक वर्ष आधी याच कुटुंबातल्या चेस ४.६ ने मायकेल स्टीनसारख्या ग्रँडमास्टरला ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, हरवलं होतं. १९९४ मध्ये म्युनिकला पाच मिनिटांच्या स्पर्धेत फ्रिट्झ ३ या प्रोग्रॅमने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हच्या बरोबरीने पहिला क्रमांक घेतला (प्लेऑफमध्ये कास्पारोव्हने त्याला ४-१ झोपवलं, तो भाग वेगळा). त्याच वर्षी लंडनमध्ये पंचवीस मिनिटांच्या डावात चेस जीनियसने कास्पारोव्हला हरवलं. आणि तरीही फेब्रुवारी १९९६ मध्ये, दोन तासांत चाळीस चाली अशा निवांत वेळेत, हाच कास्पारोव्ह डीप ब्ल्यू या आयबीएमच्या महासंगणकावर ४-२ असा भारी पडला.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आपल्या आनंदचं आहे. वर्गात घड्याळाचा विषय निघाला की मी तेच फळ्यावर मांडतो. जुलै १९९८, स्पेनमधलं पोन्फेराडा, समोर रेबेल १० हा प्रोग्रॅम. आठ डाव, पण तीन वेगवेगळ्या वेळांचे. चार ब्लिट्झ डाव: रेबेल ३-१. पंधरा मिनिटांचे दोन: रेबेल दीड-अर्धा. आणि दोन तासांत चाळीस चालींचे दोन: आनंद दीड-अर्धा. एकूण ५-३ रेबेल. माणूस तोच, प्रोग्रॅम तोच, गावही तेच. फक्त घड्याळ बदललं आणि निकाल फिरला. मग 'रेबेल आनंदपेक्षा चांगला की वाईट' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? घड्याळ सांगितल्याशिवाय तो प्रश्नच अपुरा आहे.

असं का होतं? मशीनला वेळ दुप्पट दिली की ते थोडं खोल बघतं, ताकद थोडी वाढते. पुन्हा दुप्पट केली की पुन्हा थोडी, आणि दरवेळी ती वाढ आधीपेक्षा लहान. माणसाचं तसं नाही. पाच सेकंदांत खेळणारा माणूस आणि दोन मिनिटं बघून खेळणारा माणूस ही जवळजवळ दोन माणसं असतात. त्या दोन मिनिटांत तो फार खोल जातो असंही नाही. तो मुख्यतः 'अरे, वजीर लटकतोय की' एवढं पाहून घेतो. पण मशीनसमोर तेवढंच लाखमोलाचं असतं, कारण मशीन जिंकतं ते बहुतेकदा याच चुकांवर. अर्थात लांब वेळ म्हणजे कवच नव्हे. २००६ मध्ये बॉनला क्रामनिकने डीप फ्रिट्झविरुद्ध दुसऱ्या डावात वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच चालीत एच७ वर मात खाल्ली. तेव्हा तो जगज्जेता होता.

आजच्या इंजिनांबाबत मात्र हा वेळेचा फायदाही पुरत नाही. २००९ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या एका स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ हे मोबाइल फोनवर चालत होतं आणि त्याने दहापैकी साडेनऊ गुण घेतले. सेकंदाला वीस हजारांहून कमी स्थिती तपासून! डीप ब्ल्यू वीस कोटी तपासायचा. तेव्हा काकांना तीन तास दिले आणि लॅपटॉपला एक सेकंद, तरी निकाल ०-६ लागणार. मांडवातली मंडळी दुसऱ्या दिवशी फिरकणार नाहीत.

यावर लोक दोन उपाय करतात. पहिला, इंजिनाची ताकद खाली ओढायची. स्टॉकफिशमध्ये तशी सोय आहे, १३२० ते ३१९० पर्यंत हवं ते रेटिंग भरता येतं. तुमच्या कार्यकर्त्याच्या डोक्यात बहुधा हेच आहे: १९०० भरू, चुरशीचा सामना होईल. पण हा आकडा दोन मिनिटं अधिक एक सेकंद इन्क्रिमेंट अशा वेळेत, इतर इंजिनांच्या यादीला टेकवून ठरवलेला आहे. फिडेच्या १९०० शी त्याचं नातं लांबच्या पाहुण्यासारखं आहे. काकांना अर्धा तास दिलात तर तो '१९००' त्यांना किती जड जाईल हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. आणि खेळ बघायला विचित्र असतो. आठ-दहा चाली अगदी चोख, मग मध्येच एखादं प्यादं असंच दान. माणूस अशा चुका करत नाही. प्रेक्षकांना वाटतं, काकांनी आधीच सेटिंग केलंय.

दुसरा उपाय जुना आहे आणि मला तोच पटतो: मोहऱ्याची सूट. मशीनने एक घोडा कमी घेऊन खेळायचं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डनने कोमोडो या इंजिनाकडून घोड्याची सूट घेऊन सहा डावांचा सामना ५-१ जिंकला होता. काका ग्रँडमास्टर नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी सामना बराच चुरशीचा होईल. आणि इथे वेळ पुन्हा कामाला येते: घोडा जास्त असलेल्या माणसाला फक्त गोंधळ टाळायचा असतो, आणि गोंधळ टाळायला मिनिटं लागतात. साध्या स्टॉकफिशची एक खोड तुमच्या पथ्यावर पडेल. समोरचाही आपल्यासारखाच बिनचूक खेळणार असं तो धरून चालतो, त्यामुळे सापळे लावत बसत नाही, बिनधास्त मोहरे मारामारीत घालवतो. घोडा जास्त असलेल्याला तेच हवं असतं. लीला या दुसऱ्या इंजिनाचं जे खास घोडा-सुटीसाठी शिकवलेलं रूप निघालंय, ते मात्र अजिबात घेऊ नका. ते पट गुंतागुंतीचा ठेवून माणसाला दमवतं, आणि भले भले ग्रँडमास्टर त्याच्यापुढे जलद डावांत हरलेत.

माझी शिफारस: काकांना ३० मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद. मशीनला दर चालीला एक सेकंद. साठ चालींचा डाव धरला तर काकांची ३० अधिक १० अशी चाळीस मिनिटं, मशीनची चाल खेळणाऱ्याचे पाच-सहा सेकंद धरून सहा मिनिटं. डाव पाऊण तासात आटपतो. एका संध्याकाळी दोन डाव, मध्ये चहा, तरी पावणेदोन तासांच्या आत. पहिल्या दिवशी दोन्ही डावांत घोड्याची सूट. काकांनी दोन्ही जिंकले तर दुसऱ्या दिवशी सूट कमी करून दोन प्यादी. दोन्ही हरले तर घोड्याऐवजी हत्ती. एकेक असेल तर तसंच पुढे. लोकांना हे लगेच कळतं, आणि तिसऱ्या दिवशी खुर्च्या भरतात.

आता रेटिंग. इथे बहुतेकांचा गोंधळ आकड्याच्या स्वभावामुळे होतो. आर्पाद एलोने मांडलेली आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारलेली ही पद्धत फक्त फरकाची भाषा बोलते. दोनशे गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभरपैकी सुमारे ७६ गुण घ्यावेत, एवढंच ती सांगते. पाया कुठे, हे ती सांगत नाही. पर्वतीची उंची पायथ्यापासून सांगा किंवा समुद्रसपाटीपासून, आकडे दोन्ही खरे. पण एका टेकडीची पायथ्यापासूनची उंची दुसरीच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून वजा करून काही निघत नाही. स्टॉकफिशचे ३६०० हे इंजिनांनी इंजिनांशी खेळून ठरलेले, ठरावीक यंत्रावर, ठरावीक वेळेत. काकांचे १८७४ हे माणसांशी पटावर बसून. मधला जिना कुणी बांधलेला नाही. स्वीडनच्या मंडळींनी एकेकाळी बांधला होता. त्यांनी आपल्या इंजिन-यादीची पातळी माणसांशी झालेल्या डावांवरून ठरवली होती. पुढे २००० साली त्यांना सगळी यादी एकदम १०० गुणांनी खाली ओढावी लागली. एका रात्रीत सगळी इंजिनं शंभरने 'कमजोर' झाली, खेळ तसूभरही बदलला नाही.

माणसांच्या यादीतही असं होतंच. १ मार्च २०२४ ला फिडेने दोन हजारांखालच्या सगळ्यांना २००० पासूनच्या अंतराच्या ४० टक्के गुण वाढवून दिले. त्या दिवशी १७९० वाल्याचे बरोबर १८७४ झाले. काकांना सहज विचारून बघा, फार खोदून नको.

तरीही हौस म्हणून हिशेब करू. समजा हा सामना रेटिंगसाठी धरला असता. फरक १७०० च्या वर, पण काकांच्या पातळीवर फिडे चारशेहून मोठा फरक चारशेच मोजते. (ऑक्टोबर २०२५ पासून २६५० आणि वरच्या खेळाडूंना ही सवलत नाही, तिथे खरा फरक धरतात.) चारशेच्या फरकाला खालच्याकडून अपेक्षा ०.०८ गुणाची. काकांचा के घटक (एका डावाने रेटिंग किती हलू शकतं ते ठरवणारा आकडा) २०. बरोबरी केली तर ०.५ मधून ०.०८ वजा, गुणिले २०: म्हणजे ८.४ गुणांची कमाई. हरले तर दर डावाला १.६ गुणांचा तोटा, सहाही हरले तर ९.६. म्हणजे सहापैकी एक बरोबरी साधली तरी जवळजवळ जिथल्या तिथेच. हा सगळा हिशेब कागदावरचा. संगणकाला फिडेचा खेळाडू क्रमांक नसतो आणि असे डाव रेटिंगला पाठवले जात नाहीत. १९९७ च्या मे महिन्यात कास्पारोव्ह डीप ब्ल्यूकडून साडेतीन-अडीच हरला, तेव्हाही त्याच्या फिडे रेटिंगला त्याची झळ लागली नाही. आणि डीप ब्ल्यूला रेटिंग मिळालंच नाही. एकाच माणसाशी दोन सामने, मिळून बारा डाव, मग निवृत्ती. त्यावरून काढलेला कुठलाही आकडा वाऱ्यावरची वरात.

स्टँडर्ड, म्हणजे लांब वेळेच्या, रेटिंगसाठी धरायचंच असतं तर तुमची वेळही बसली नसती. दोघांपैकी एकाचं रेटिंग १८०० किंवा वर असेल तर स्टँडर्ड डावात साठ चाली धरून प्रत्येकी किमान ९० मिनिटं लागतात. २४०० किंवा वर असेल तर १२०. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री झाली, कोनेरू हंपी जिंकली, ते डाव ज्यांनी बसून पाहिले त्यांना ही 'स्टँडर्ड' काय चीज आहे ते कळलं असेल: चाळीस चालींना ९० मिनिटं, मग आणखी ३०, आणि पहिल्या चालीपासून ३० सेकंदांची भर. तुमचे ३० अधिक १० साठ चालींना ४० मिनिटं होतात, म्हणजे रॅपिड: ब्लिट्झहून लांब, स्टँडर्डहून छोटा डाव.

जाता जाता पोरांसाठी: लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर हीच मोजणी साठऐवजी चाळीस चालींवर होते आणि सीमाही वेगळ्या आहेत. नुसती दहा मिनिटं हा खेळ लिचेसवर रॅपिड, फिडेच्या नियमांत ब्लिट्झ. नुसती तीस मिनिटं लिचेसवर क्लासिकल, फिडेत रॅपिड. 'माझं क्लासिकल रेटिंग २१००' असं सांगत स्पर्धेला येणाऱ्या मुलांचे चेहरे मी दर सुट्टीत पाहतो.

आता राहिलेले नियम. मशीन राजीनामा देणार नाही, मातेपर्यंत खेळणार. काकांनी हवं तेव्हा द्यावा. बरोबरीचा प्रस्ताव आला तर मशीनतर्फे निर्णय पंचाचा, चाल खेळणाऱ्याचा नाही. त्या मुलाने स्क्रीनवर एक आणि पटावर भलतीच चाल खेळली तर ती दुरुस्त करायची, दंड नाही, पण मधला वेळ मशीनचा. शिवलेला मोहरा हलवायचा नियम काकांना पूर्ण लागू. वीज गेली तर पट हलवायचा नाही, काकांचं घड्याळ थांबवायचं, लॅपटॉप उठला की त्याच स्थितीपासून पुढे. लॉग फाइल रोज जपून ठेवा: १९९७ मध्ये कास्पारोव्हने मशीनच्या नोंदी मागितल्या, त्या लगेच मिळाल्या नाहीत, आणि त्यावरून उठलेला धुरळा अजून बसलेला नाही. सेटिंग पहिल्या डावाआधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. १९९७ च्या त्या सामन्यात दोन डावांच्या मध्ये मशीनमध्ये बदल करायला परवानगी होती. तुम्ही देऊ नका. उलट २००२ च्या बहारीनच्या सामन्याआधी क्रामनिकला प्रोग्रॅमची प्रत सरावासाठी दिली होती, तसं काकांनाही आठवडाभर आधी लॅपटॉप घरी नेऊ द्या.

एलईडी पडद्यावर पट दाखवणार असाल तर शेजारची, कोण पुढे आहे ते दाखवणारी, ती काळी-पांढरी मूल्यमापनाची पट्टी बंद ठेवा. काकांना पडदा दिसला नाही तरी लोकांचा 'अरेरे' ऐकू येतो, आणि मुरलेल्या खेळाडूला तेवढा इशारा पुरतो.

आणि आरतीची वेळ. डाव चालू असेल तर दोन्ही घड्याळं थांबवा. इंजिनात 'पाँडर' बंद आहे ना ते नीट बघून घ्या, नाहीतर आपण 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणत असताना लॅपटॉप काकांच्या वेळात पुढच्या चाली शोधत बसेल. काकाही टाळ्या वाजवता वाजवता मनात पट मांडतीलच, पण त्याला रोखणारा नियम अजून कुणी लिहिलेला नाही.